८२ किलो वजनाला पुढचा सर्फबोर्ड किती लांबीचा आणि किती लिटरचा घ्यावा?

निळीरेघ यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ४१ वर्षे, उंची १७८ सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो आहे. सर्फिंग मी प्रौढपणीच शिकू लागलो आणि आतापर्यंतचे सगळे शिक्षण ९ फुटी फोम बोर्डवर झाले. फुटून फेसाळलेल्या लाटेवर मी गुडघा न टेकवता उठतो आणि किनाऱ्यापर्यंत येतो. न फुटलेल्या लाटांचा सराव चालू आहे. कंबरेएवढ्या, सौम्य उताराच्या लाटा निम्म्याच्या आसपास हाती लागतात, आणि लागल्या की डावीकडे तिरके जाता येते. उजवीकडचे वळण मात्र अजून पक्के नाही. लाट उंच आणि खडी असली की बहुतेक वेळा बोर्डचे नोज, म्हणजे पुढचे टोक, पाण्यात घुसते.

आता स्वतःचा बोर्ड घ्यायचा आहे आणि सल्ले परस्परविरोधी आहेत. ज्यांच्यासोबत मी पाण्यात उतरतो त्यांतील एकाचे म्हणणे असे की, ६ फूट २ इंचांचा, साधारण ३४ लिटरचा बोर्ड आत्ताच घ्यावा. सुरुवातीला जड जाईल, पण शिकणे वेगाने होईल. दुसऱ्याच्या मते साडेसात ते आठ फुटांच्या दरम्यान थांबावे. तिसरा म्हणतो की ९ फूट सोडूच नयेत. वजन आणि अनुभव भरल्यावर लिटर काढून देणारी कोष्टके पाहिली, तर ‘नवशिका’ निवडल्यास सत्तरच्या पुढचा आकडा येतो आणि ‘मध्यम’ निवडल्यास एकदम पंचेचाळीसच्या आसपास. या दोहोंच्या मधल्या माणसाने कोणता रकाना धरावा, हे मला कळत नाही.

लिटरचा आकडा नेमके काय सांगतो आणि त्यावर किती विसंबावे? आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे स्वतःचे स्वतः कसे ठरवावे? आणि वजनाखेरीज उंची, हातांची लांबी, खांद्यांची ताकद आणि वय यांचा बोर्डच्या मापाशी संबंध कसा लावावा? सविस्तर उत्तरांचे मनापासून स्वागत आहे.

ओहोटी यांचे उत्तर

६ फूट २ इंचांचा बोर्ड आत्ता घेऊ नका, हे आधीच स्पष्ट सांगतो. कारणे सविस्तर देतो, कारण ती समजली तर पुढच्या प्रत्येक बोर्डच्या वेळी निर्णय तुमचा तुम्हालाच करता येईल.

लिटर म्हणजे बोर्डचे घनफळ. पूर्ण बुडाल्यास बोर्ड तेवढे पाणी बाजूला सारतो आणि त्या पाण्याच्या वजनाइतका भार तोलून धरतो. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वजन साधारण १.०२५ किलो असते, म्हणून ३४ लिटरचा बोर्ड फार तर ३५ किलो तोलतो आणि ६० लिटरचा साडेएकसष्ट किलो. आता तुमचा हिशेब मांडू. तुमचे ८२ किलो आणि लहान बोर्डचे स्वतःचे तीन किलो धरले तर भार ८५ किलोंचा होतो; त्यातले ३५ बोर्डने उचलले, तरी ५० किलो उरतात. हा उरलेला भार तुमच्याच शरीराच्या पाण्यात बुडालेल्या भागाला तोलावा लागतो, आणि माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असल्यामुळे पॅडलिंग करताना, म्हणजे बोर्डवर पालथे झोपून हातांनी पाणी मागे सारत पुढे जाताना, तुमचे निम्म्याहून अधिक शरीर पाण्याखाली राहील. ६० लिटरच्या बोर्डवर, त्याचे वजन पाच किलो धरूनही, हाच उरलेला भार पंचवीस किलोंच्या आसपास येतो. पाण्याखाली गेलेला शरीराचा प्रत्येक भाग पाण्याचा विरोध वाढवतो, आणि तो विरोध तुमच्या खांद्यांना तोडावा लागतो.

हा विरोध इतका महत्त्वाचा का, तेही पाहा. दीड मीटर खोल पाण्यातली लाट ताशी सुमारे १४ किलोमीटर वेगाने पुढे सरकते. चांगल्या तयारीचा माणूस जोर लावून पॅडलिंग करतो तेव्हा त्याला याच्या निम्म्याच्या आसपासच वेग गाठता येतो. उरलेला वेग लाटेचा उतार देतो. लांब, सपाट आणि पाण्यावर तरंगणारा बोर्ड सौम्य उतारावरही घसरू लागतो, त्यामुळे लाट फुटण्याच्या बरीच आधी तुम्ही तिच्यावर असता आणि उठायला वेळ मिळतो. लहान बोर्डला घसरण्यासाठी खडा उतार लागतो, आणि खडा उतार लाट कोसळण्याच्या अगदी बेतात असतानाच मिळतो. म्हणजे लहान बोर्डवर लाट उशिरा हाती लागते आणि उठण्यासाठी उरणारा अवधीही कमी होतो. खड्या लाटेत नोज घुसते असे तुम्ही लिहिले आहे. तीच परिस्थिती लहान बोर्ड तुमच्यावर जवळजवळ प्रत्येक लाटेत आणील.

उभे राहिल्यावर मात्र गणित बदलते. तेव्हा सगळे शरीर पाण्याबाहेर असते, आणि नुसत्या घनफळाचा विचार केला तर ३४ लिटरचा बोर्ड ८२ किलोंच्या माणसाखाली बुडायलाच हवा. तो बुडत नाही, कारण वेग आल्यावर तळावर आदळणारे पाणी त्याला वर उचलून धरते. तरबेज माणसाला एवढा लहान बोर्ड पुरतो तो याच आधारावर, कारण त्याला वेग मिळवता येतो आणि टिकवताही येतो. वेग गेला की आधारही गेला. म्हणून लिटरचा आकडा मुख्यतः पॅडलिंगचा, लाट पकडण्याचा आणि उठण्याच्या पहिल्या क्षणांचा हिशेब सांगतो, आणि तुमचे अडथळे आज नेमके तिथेच आहेत.

कोष्टकांमागचा ठोकताळा दर किलो वजनामागे किती लिटर या प्रमाणाचा असतो. नवशिक्यासाठी ०.८ ते १, न फुटलेल्या लाटा पकडू लागलेल्या माणसासाठी ०.६ ते ०.७५, दोन्ही बाजूंना खात्रीने वळणाऱ्यासाठी ०.४५ ते ०.५५, आणि वर्षानुवर्षे नियमित पाण्यात असणाऱ्या तरबेज माणसासाठी ०.३५ ते ०.४, असे ते प्रमाण मी धरतो. तुमच्या वजनाला हे अनुक्रमे ६६ ते ८२, ४९ ते ६२, ३७ ते ४५ आणि २९ ते ३३ लिटर होते. ३४ लिटरचा बोर्ड तुमच्यासाठी ०.४१ वर येतो, म्हणजे तो तरबेज माणसाच्या मापाला लागून आहे. तुमची जागा दुसऱ्या टप्प्यात आहे, आणि वय व सराव पाहता त्या टप्प्याच्या वरच्या टोकाला आहे. माझे मत ५८ ते ६२ लिटर, लांबी ८ फुटांच्या आसपास.

टप्पा ठरवताना कोष्टकातल्या विशेषणांपेक्षा स्वतःला काही रोखठोक प्रश्न विचारणे अधिक उपयोगी पडते. कोणाच्या मदतीशिवाय फुटणाऱ्या लाटा पार करून आत जाता येते का? आत पोहोचल्यावर लाट निवडण्याइतका दम उरतो का? पकडायला घेतलेल्या दर चार लाटांपैकी तीन तरी मिळतात का? उठताना नजर पुढे राहते का? दोन्ही बाजूंना तिरके जाऊन लाटेचा न फुटलेला भाग धरून राहता येते का? आणि हे सर्व ओळखीच्या किनाऱ्यावर, हव्या तशा दिवशीच होते, की वारा असलेल्या विस्कटलेल्या पाण्यातही होते? ज्या दिवशी सगळ्यांचे उत्तर विस्कटलेल्या पाण्यातही ‘होय’ येईल, त्या दिवशी पन्नास लिटरच्या खाली जाण्याचा विचार करा.

दर्यावाट यांचे उत्तर

ओहोटी यांच्या निष्कर्षाशी मी सहमत आहे, पण लिटरवर त्यांनी दिलेला भर मला जास्त वाटतो. साठ लिटरचे दोन बोर्ड पाण्यात एकमेकांशी काहीही साम्य नसल्यासारखे वागू शकतात, आणि विकत घेताना माणूस फसतो तो बहुधा इथेच.

पहिली गोष्ट, घनफळ कुठे आहे. छातीखाली जाडी आणि रुंदी असेल तर पॅडलिंग सोपे होते. तेच घनफळ टेलकडे, म्हणजे मागच्या टोकाकडे, सरकवले तर लहान, मंद लाटेत मागचा पाय टाकल्यावर बोर्डला वेग येतो, पण पॅडलिंगला त्याचा उपयोग कमी. दुसरी गोष्ट, घनफळ कशातून आले आहे. लांबी कमी ठेवून जाडी वाढवलेल्या बोर्डचे लिटर कागदावर भरपूर दिसतात. प्रत्यक्षात त्याची जाड रेल, म्हणजे बाजूची कड, वळताना पाण्यात दाबता येत नाही, बोर्ड सतत वर उसळतो आणि माणूस त्याच्यावर डगमगतो. शिकणाऱ्याला लिटर हवेत ते लांबी आणि रुंदीतून. जाडी तीन इंचांच्या आसपास पुरेशी असते. म्हणून ६ फूट १० इंचांत ठासून भरलेल्या ६० लिटरपेक्षा ८ फूट लांब, २२ इंच रुंद आणि ३ इंच जाड असे ६० लिटर तुमच्यासाठी कितीतरी चांगले.

तिसरी गोष्ट रॉकर, म्हणजे बाजूने पाहिल्यावर दिसणारा नोजपासून टेलपर्यंतचा बाक. कोष्टके त्याचा उल्लेखही करत नाहीत. सपाट बोर्ड पॅडलिंगला वेगवान असतो आणि सौम्य लाट लवकर पकडतो; जास्त बाक असलेला बोर्ड पाणी पुढे ढकलत जातो, पण खड्या लाटेच्या पोटात त्याचे नोज रुतत नाही आणि तो आखूड जागेत वळतो. तुम्हाला मधल्या भागात बराच सपाट आणि नोजकडे सावकाश वर येणारा बोर्ड हवा. तो सपाट जागेवर ठेवून बाजूने पाहा. दोन बोर्ड शेजारी ठेवले तर फरक न मोजताही दिसतो.

मात्र नोज घुसण्याचा सगळा दोष बोर्डवर टाकू नका. पॅडलिंग करताना तुम्ही नेमके कुठे झोपता ते तपासा. नोज पाण्यापासून इंच-दोन इंच वर असावे. ते त्याहून बरेच वर असेल तर तुम्ही मागे आहात आणि बोर्ड पाण्याला रेटतो आहे. पाण्याला टेकत असेल तर पुढे आहात. बोर्ड बदलला की ही जागाही बदलते, त्यामुळे नव्या बोर्डची पहिली काही सत्रे ती शोधण्यातच जातात आणि त्यावरून बोर्डविषयी मत बनवू नये.

जुना बोर्ड पाहायला गेलात तर पुष्कळदा त्याच्यावर लांबी, रुंदी आणि जाडी लिहिलेली असते, पण लिटर लिहिलेले नसतात. तिन्ही मापे इंचांत घेऊन गुणाकार करा, एक घन इंच म्हणजे १६.४ मिलिलिटर या हिशेबाने त्याचे लिटर करा आणि त्यातले ५० ते ६० टक्के धरा. निमुळत्या शॉर्टबोर्डला खालचा आकडा, गोल नोजच्या लांब बोर्डला वरचा. वर सांगितलेल्या ८ फुटी बोर्डचा गुणाकार १०४ लिटरच्या जवळ जातो आणि त्याचे खरे घनफळ साठच्या आसपास येते. हा अंदाजच आहे, पण ४५ लिटरचा बोर्ड ६० लिटरचा समजून घरी आणण्यापासून तो वाचवतो.

शिंपली यांचे उत्तर

शरीरयष्टीच्या प्रश्नाला मी उत्तर देते, कारण माझी उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ५२ किलो आहे, आणि वजनाच्या प्रमाणातून आलेला आकडा माझ्यासाठी पुरेसा नाही हे मी पाण्यात पाहिले आहे.

माझ्या अडचणी रुंदीशी जोडलेल्या असतात. २३ इंच रुंद बोर्डवर झोपल्यावर माझे हात रेलच्या बाहेरून खाली जाताना खांदे वर उचलले जातात, काखेला बोर्ड घासतो आणि पाण्यात जेमतेम मनगटापर्यंतचा हात जातो. तरंगण्यासाठी तो बोर्ड उत्तम, पण ज्याला पुढे ढकलताच येत नाही अशा तरंगण्याचा मला काय उपयोग? त्यामुळे अरुंद खांद्यांच्या आणि आखूड हातांच्या माणसाने हवे असलेले लिटर लांबीतून मिळवावेत आणि रुंदी २१ इंचांच्या आसपास ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. वाळूवर किंवा जाड चटईवर बोर्ड ठेवून, फिन (तळाला मागच्या बाजूला बसवलेली पाती) काढून, त्याच्यावर पालथे झोपावे आणि पॅडलिंगचा हात फिरवून पाहावा. कोपर रेलच्या बाहेरून मोकळेपणाने खाली गेला तर रुंदी जमली. काखेत धरून चालता येते का, तेही पाहावे; जो बोर्ड पाण्यापर्यंत नेतानाच दमवतो, तो हळूहळू कमी वेळा बाहेर काढला जातो.

उंचीचा संबंध तोल आणि पावलांतल्या अंतराशी येतो. उंच माणसाचा गुरुत्वमध्य वर असतो आणि त्याची पावले अधिक दूर पडतात, म्हणून वजन सारखे असले तरी उंच, सडपातळ माणसाला लांब बोर्ड बरा पडतो आणि बुटक्या, भरदार माणसाला थोडा आखूड पण रुंद बोर्ड चालतो. मोठ्या पावलांच्या माणसाने टेलच्या रुंदीकडेही लक्ष द्यावे, कारण अरुंद टेलवर टाच किंवा बोटे रेलच्या बाहेर येऊन पाण्याला लागतात. तुमची उंची आणि वजन यांचा मेळ सर्वसाधारण आहे, त्यामुळे या बाबतीत तुम्हाला वेगळे काही करावे लागेल असे वाटत नाही.

वयाविषयी मात्र आग्रहाने सांगेन. चाळिशीनंतर खांदे सावरायला वेळ लागतो आणि उठण्याची हालचाल थोडी संथ होते. कोष्टकात वयाचा आणि आठवड्यातून किती वेळा पाण्यात जाता याचा रकाना असेल तर तो खरा भरा, आणि नसेल तर आलेल्या आकड्यात पाच-दहा टक्के स्वतःहून वाढवा. जाड वेटसूट घालून सर्फिंग करत असाल तर आणखी दोन लिटर धरा, कारण सूटमुळे हात जड होतात आणि उठताना शरीर अडते. कृत्रिम लाटांच्या तलावातले पाणी गोडे असल्यास तिथे आधार सुमारे अडीच टक्क्यांनी कमी मिळतो. मधल्या टप्प्यातल्या माणसाला हा फरक फारसा जाणवत नाही, पण काठावरच्या मापाचा शॉर्टबोर्ड वापरणाऱ्याला जाणवतो.

निळीरेघ

तिघांचेही मनापासून आभार. पालथे झोपून पाहण्याची कसोटी आजच केली. २२ इंचांच्या बोर्डवर माझे कोपर मोकळे जातात, ९ फुटी फोम बोर्डवर थोडे अडतात.

दोन गोष्टी अजून विचारतो. ‘लहान बोर्डवर शिकणे वेगाने होते’ या म्हणण्यात काही तथ्य आहे का? ते सांगणारा माणूस स्वतः उत्तम सर्फिंग करतो, त्यामुळे त्याचे म्हणणे सहज बाजूला सारवत नाही. आणि ८ फुटी बोर्ड फोमचाच घ्यावा की कडक कवचाचा? आम्ही जातो तिथे तळ वाळूचा आहे, लाट बहुतेक दिवस कंबरेएवढी आणि सावकाश फुटणारी असते, पण सुट्टीच्या दिवशी पाण्यात गर्दी असते.

लांबलाट यांचे उत्तर

उत्तम सर्फिंग करणाऱ्या माणसाला स्वतःच्या बोर्डवर जे जाणवते ते खरेच असते. त्याचा बोर्ड वळणाच्या इशाऱ्याला लगेच प्रतिसाद देतो, चूक झाली तर लगेच कळते, आणि त्यातून तो शिकतो. पण हा प्रतिसाद फक्त उभे असताना मिळतो. साध्या किनाऱ्यावरची एक लाट काही सेकंदांचीच असते, आणि तासाभरात तुम्ही किती लाटांवर उभे राहता यावरच सरावाचा वेळ ठरतो. ज्या बोर्डवर लाटाच मिळत नाहीत, त्याचा तत्पर प्रतिसाद अनुभवायला तुम्ही उभेच नसाल. मंद, कंबरेएवढ्या लाटेत तर तुमचा तो मित्रही कदाचित मोठा बोर्ड घेऊन अधिक आनंदात राहील.

सर्फिंगच्या इतिहासातही हे घडलेले आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत साडेनऊ-दहा फुटांचे बोर्ड सर्वसामान्य होते. दशक संपता संपता ते झपाट्याने आखूड झाले आणि त्यातून लाटेवरची नवी, उभी वळणे शक्य झाली. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने तीन फिनच्या बोर्डवर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली आणि आजच्या शॉर्टबोर्डची घडण पक्की होत गेली. पुढे १९९० च्या दशकात स्पर्धकांचे बोर्ड अवघे अठरा-सव्वाअठरा इंच रुंद, पातळ आणि नोजकडे खूप बाक असलेले झाले. ते जगातल्या सर्वोत्तम लोकांनी, ताकदवान लाटांसाठी घडवून घेतले होते. सर्वसामान्य लोकांनीही तीच मापे घेतली, आणि मंद लाटांत त्यांना पॅडलिंगचा त्रास सोसावा लागला. पुढच्या काळात ‘फिश’ म्हणतात ते आखूड, रुंद, भरीव बोर्ड आणि मध्यम लांबीचे बोर्ड पुन्हा लोकांच्या हाती आले, आणि आज नावाजलेले सर्फरही लहान लाटांच्या दिवशी ते आवडीने वापरतात. तुमच्या शरीराचे, तुमच्या लाटेचे आणि तुमच्या सरावाचे माप दुसऱ्या कोणाच्या बोर्डवर लिहिलेले नसते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता फोम की कडक कवच, याविषयी. वर्णन केलेल्या गर्दीत आणखी काही काळ तरी फोम बोर्ड असावा, असे मला वाटते. सुटलेला ८ फुटी कडक बोर्ड डोक्याला किंवा तोंडाला लागला तर गंभीर इजा होते, आणि ती तुम्हालाच होईल असे नाही, शेजारच्या मुलालाही होऊ शकते. मात्र फोमच्या बोर्डांतही फार फरक असतो. शिकवणीच्या ठिकाणचे बोर्ड जाड, वाकणारे आणि गोल रेलचे असतात. त्यांच्यावर तिरके जाता येते, पण रेल लाटेत धरून वळता येत नाही. आत लाकडी पट्ट्या असलेला, तळ कडक, गुळगुळीत आणि रेल थोडी निमुळती असलेला ८ फुटी फोम बोर्ड मिळाला तर तो तुमच्या आजच्या गरजेला अगदी चपखल आहे.

कडक बोर्ड घ्यायचाच असेल तर एपॉक्सी आणि पॉलिस्टायरीनचा बोर्ड पॉलियुरेथेनच्या बोर्डपेक्षा सहसा हलका असतो आणि ठोकर लागून त्याला सहज खळगे पडत नाहीत. पण त्याला चीर गेली तर वापर लगेच थांबवून ती दुरुस्त करा, कारण पॉलिस्टायरीनच्या दाण्यांमधून पाणी आतवर झिरपते. वाऱ्याने खवळलेल्या पाण्यात हलका बोर्ड पायाखाली जास्त थरथरतो. तिथे थोडा जड बोर्ड मला अधिक स्थिर वाटतो.

ओहोटी

दर्यावाट यांचा रॉकर आणि जाडीविषयीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि ‘५८ ते ६२ लिटर’ हे माझे उत्तर त्यांच्या मापांसहच वाचावे. गर्दीचे वर्णन वाचल्यावर फोमविषयी लांबलाट यांचे मतही मला पटते.

एक व्यावहारिक सूचना करतो. विकत घेण्याआधी साडेसात फुटांचा आणि आठ फुटांचा असे दोन बोर्ड एकाच दिवशी, एकाच पाण्यात, आलटून पालटून वापरायला मिळाले तर जरूर वापरा. वेगवेगळ्या दिवशी वापरले तर फरक बोर्डचा होता की लाटेचा, हे सांगता येत नाही. प्रत्येकावर किती लाटा पकडल्या आणि त्यांतल्या किती लाटांवर उठल्यानंतर वळायला अवधी मिळाला, एवढेच लक्षात ठेवा. दोघांत बरोबरी झाली तर लांब बोर्ड घ्या.

दर्यावाट

शेवटचे दोन तपशील राहिले. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी, बोर्डच्या लांबीइतकी किंवा किंचित लांब असावी. ८ फुटी बोर्डला ८ फुटी लीश लावा आणि ६ फुटांची उरलेली लीश वापरण्याचा मोह टाळा, कारण आखूड लीशमुळे पडल्यावर बोर्ड जोराने तुमच्याकडेच परततो. लीश लावली असली तरी मागे माणूस असताना लाटेखाली बोर्ड सोडून देऊ नका. लीश ताणल्यावर बोर्ड आणि लीश मिळून सोळा फुटांपर्यंतची जागा धोक्यात येते.

फिनच्या बाबतीत, मधे एक मोठी आणि बाजूंना दोन लहान अशी रचना असलेला बोर्ड घ्या. मधल्या फिनमुळे दिशा स्थिर राहते आणि बाजूच्या फिनमुळे तिरके जाताना टेल घसरत नाही. बाजूच्या दोन्ही फिन काढता येणाऱ्या असतील तर आणखी उत्तम, कारण त्या काढून एकाच फिनवर मंद लाटेत बोर्ड कसा फिरतो हे पाहता येईल. आणि त्या उजवीकडच्या वळणाच्या सरावासाठी उजवीकडे फुटणाऱ्या लाटांची जागा निवडून काही दिवस फक्त त्याच लाटा घ्या, कारण त्या वळणाची अडचण कोणत्याही मापाच्या बोर्डने आपोआप सुटणार नाही.